दुकानदार ओळखीचा नसतो तेव्हा : जर्मनीतल्या रोजच्या खरेदीतून आम्ही काय शिकलो

कोंढव्यात राहत होतो तोवर किराणा-भाजी आणणं ही काही शिकायची गोष्ट आहे, असं आम्हाला कधी वाटलंच नाही. बिल्डिंगखाली किराणा दुकान, कोपऱ्यावर डेअरी, मटणाचा ठरलेला खाटीक. मीठ संपलं की गॅलरीतून मुलाला हाक मारायची. पैसे आत्ता दिले तर दिले, नाहीतर वहीत लिहून महिन्याच्या शेवटी. खाटकाला "भाई, रानाचं द्या, चरबी कमी" एवढं सांगितलं की काम झालं. हे हलाल आहे का, हा प्रश्न तिथे कधी तोंडातून निघालाच नाही. कारण विकणारा आपला होता, त्याचा बाप आपल्या बापाला ओळखत होता.

मग नोकरीच्या निमित्ताने स्टुटगार्टला आलो. सामान दोन बॅगांत मावलं, पण सवयी मात्र जशाच्या तशा बरोबर आल्या. घर, शाळा, बँक, विमा यांची माहिती सगळे देतात. रोजची खरेदी कशी करायची, हे कोणी सांगत नाही. कारण सगळ्यांना वाटतं, त्यात काय सांगायचं?

आज हे लिहायचं कारण असं की महाराष्ट्रातून इकडे येणारी कुटुंबं वाढत आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या समाजातली मुलं-मुलीही जर्मन भाषेच्या वर्गात बसलेली दिसतात. त्यांच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या उपयोगी पडावं, म्हणून आमच्या चुकांसकट हा हिशोब मांडत आहोत.

एका खिम्याची गोष्ट

येऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारची संध्याकाळ, दुकान बंद व्हायला थोडाच वेळ. सुपरमार्केटच्या थंड कपाटात खिम्याची पाकिटं रांगेने ठेवलेली. 'हाकफ्लाइश' म्हणजे खिमा, एवढा एक शब्द आम्ही शिकून आलो होतो. हलाल दुकान कुठे आहे ते अजून माहीत नव्हतं आणि गोमांसाचा खिमा आज एवढ्यापुरता चालेल, असं मनाला समजावलं. दोन पाकिटं उचलली आणि घरी आलो.

कांदा लाल झाला, आलं-लसूण पडलं, खिमा परतायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या तुर्की बाई वाटीभर साखर परत द्यायला आल्या. त्यांना आम्ही आब्ला म्हणतो, म्हणजे तुर्कीत मोठी बहीण. त्यांची नजर ओट्यावरच्या रिकाम्या पाकिटावर गेली आणि चेहराच उतरला. पाकिटावर 'गेमिश्ट' असं लिहिलं होतं. गेमिश्ट म्हणजे मिसळलेला. अर्धं गोमांस, अर्धं डुकराचं. जर्मनीत हा अगदी रोजचा खिमा आहे, शुद्ध गोमांसाच्या खिम्याशेजारीच ठेवलेला असतो. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, हा शब्दही होता. दुकानाने काहीच लपवलं नव्हतं. वाचता आम्हाला येत नव्हतं.

पातेलं रिकामं केलं, घासलं, पुन्हा घासलं. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. पुण्याला अम्मींना फोन केला तेव्हा रडूच आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाणून केलं नाहीस ना? मग अल्लाह माफ करणारा आहे. पण आता वाचायला शीक. दुसऱ्यांदा 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही."

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की सगळा फरक इथेच आहे. आपल्याकडे भरवसा माणसावर असतो. इथे तो कागदावर असतो: लेबलवर, किमतीच्या पट्टीवर, पावतीवर, दाराला लावलेल्या वेळेवर. माणूस वाईट आहे असं नाही. पण तो तुम्हाला ओळखत नाही आणि तुमच्यासाठी काय चालतं, काय नाही, हे त्याने सांगावं अशी पद्धत नाही. लिहून ठेवलं की त्याची जबाबदारी संपली. वाचायची जबाबदारी तुमची.

लेबलवरचे शब्द

युरोपीय संघाच्या नियमानुसार पाकीटबंद खाद्यपदार्थावर घटकांची यादी द्यावी लागते, आणि जे सर्वांत जास्त ते आधी, अशा क्रमाने. ही मोठी सोय आहे. आम्ही एक चिठ्ठी करून फ्रिजवर लावली, मुलांनी ती पाठ केली. तीच इथे देतो.

श्वाइन म्हणजे डुक्कर. श्पेक आणि शिंकेन हे त्याचेच प्रकार. श्माल्त्स म्हणजे वितळवलेली चरबी, बहुतेक वेळा डुकराचीच. इकडच्या काही ब्रेत्सेलमध्ये, म्हणजे वेटोळ्याच्या पावातही, ती घातलेली असते. म्हणून बेकरीत विचारून घ्यावं. रिंट म्हणजे गाय-बैल, हून म्हणजे कोंबडी, लाम म्हणजे कोकरू.

जिलेटिन कोणत्या प्राण्याचं, हे लिहिणं बंधनकारक नाही. नुसतं जिलेटिन लिहिलं असेल तर आम्ही घेत नाही. मुलांच्या रबरासारख्या गोळ्या, काही दही, काही केक यांत ते असतं. तुर्की दुकानात याच गोळ्या गोमांसाच्या जिलेटिनच्या, हलाल लिहिलेल्या मिळतात. त्यामुळे मुलांना कायम 'नाही' म्हणावं लागत नाही.

ई-१२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई-४७१ वनस्पतीचाही असतो आणि प्राण्याचाही. चीजवर 'लाब' असेल तर ते दूध फाडायचं विरजण. 'मिक्रोबिएलेस लाब' असेल तर ते प्राण्याचं नाही.

एक शब्द मात्र उगाच घाबरवतो. लोणच्यापासून सॉसपर्यंत बऱ्याच बाटल्यांवर 'ब्रांटवाइनएसिष' असतं. त्यात 'वाइन' दिसल्यावर आम्ही महिनाभर लोणचं घेतलंच नाही. तो शेवटी सिरका निघाला. उलट तिरामिसूसारख्या गोड पदार्थात खरंच दारू घालतात आणि नावावरून ते कळत नाही. 'आल्कोहोल', 'रुम', 'वाइन' हे शब्द यादीत शोधावे लागतात. पिवळं व्ही असलेलं शाकाहारी चिन्ह कामाला येतं, पण ते फक्त प्राण्याच्या घटकांबद्दल बोलतं, दारूबद्दल नाही.

तारखेचेही दोन प्रकार आहेत. 'मिंडेस्टहाल्टबार' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि गुण नक्की टिकतील. त्यानंतर वास-चव बघून बरेच पदार्थ खाता येतात. 'त्सु फरब्राउखेन बिस' म्हणजे त्या दिवसापर्यंतच वापरा, पुढे टाकून द्या. खिम्यावर ही दुसरी तारीख असते. सवलतीचं लाल लेबल बघून चार पाकिटं उचलण्याआधी ती बघावी.

मांस कुठून आणायचं

आता मुख्य प्रश्न. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार जनावराला कापण्याआधी बेशुद्ध करणं बंधनकारक आहे. धार्मिक कारणासाठी विशेष परवानगीची तरतूद आहे. एका तुर्की मुस्लिम खाटकाने ती मिळावी म्हणून दाद मागितली आणि १५ जानेवारी २००२ रोजी कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरीही अशी परवानगी सहज मिळत नाही.

याचा रोजच्या खरेदीत अर्थ असा की 'हलाल' ही पाटी सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. कुठे बेशुद्ध करून, बिस्मिल्लाह म्हणून कापलेलं असतं, कुठे बाहेरच्या देशातून आलेलं असतं. सरकारचं एक असं हलाल चिन्ह इथे नाही. काही कुटुंबं एक प्रकार मानतात, काही दुसरा. त्या वादात आम्ही पडत नाही. एवढंच सांगतो की दुकानदाराला नीट विचारा. "हे कुठून येतं? कसं कापलेलं आहे?" हा प्रश्न इथे कोणाला अपमान वाटत नाही. चांगला दुकानदार आतून कागद आणून दाखवतो.

ही तुर्की दुकानं आली कशी, तेही समजून घेण्यासारखं आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. कारखान्यांसाठी माणसं आली, काही वर्षांनी परत जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. बरीचशी राहिली, बायका-मुलं आली आणि मग त्यांच्या स्वयंपाकघराला लागेल ते विकणारी दुकानं उभी राहिली. आज आपल्याला खजूर, डाळी आणि हलाल कोंबडी घराजवळ मिळते, ती त्या पिढीच्या कष्टामुळे. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा कोथिंबिरीची भलीमोठी जुडी बघून जीव हरखला. घरी येऊन चटणी वाटली तर चव भलतीच! ती पार्सली होती. कोथिंबीर हवी तर 'कोरिआंडर' शोधा, नाहीतर सरळ पान चुरगळून वास घ्या.

चपातीचंही तसंच. इथल्या पिठावर आकडे असतात. ४०५ म्हणजे साधारण आपला मैदा. आकडा वाढेल तसा कोंडा जास्त. 'फोलकोर्न' म्हणजे पूर्ण धान्याचं पीठ. आम्ही १०५० आणि फोलकोर्न मिसळतो. भारतीय दुकानातला आटा महाग पडतो, तो आता पाहुणे आले की काढतो.

रविवार आणि ईद

इथे रविवारी दुकानं बंद. ही नुसती रीत नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला गेला आणि १९४९ च्या आजच्या घटनेत तेच कलम कायम ठेवलं. सुरुवातीला आमची चिडचिड व्हायची. मग लक्षात आलं की सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईलाही एक दिवस पोरांबरोबर घरी मिळतो. आपल्याकडच्या दुकानातल्या पोऱ्याला तो कधी मिळत होता?

पण तयारी नसेल तर फजिती होते. २०२५ ची ईद-उल-फित्र इथे ३० मार्चला, म्हणजे नेमकी रविवारी आली. पुण्याच्या सवयीने आम्ही चांदरात समजून घेत बसलो होतो. कॅम्पात त्या रात्री बारा-एकपर्यंत बाजार भरलेला असतो, दूध-मेवा-बांगड्या सगळं मिळतं. इथे शनिवारी संध्याकाळी चंद्राची बातमी आली, रोजा सोडला, मगरिब झाली, भांडी आवरली आणि दुकानात पोचलो तर दिवे बंद होत होते. त्यात त्याच रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे जाणार होती, म्हणजे झोपही एक तास कमी. घरात शेवया होत्या, खजूर होती, दूध अर्धा लिटर.

आब्लांच्या घरी शुक्रवारीच सगळं भरून झालं होतं. तुर्की लोकांची तारीख गणिताने आधीच ठरते, कॅलेंडरवर छापलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नमाजहून येताना मुख्य रेल्वे स्टेशनातल्या दुकानातून दूध आणलं, तेव्हा शीरखुर्मा झाला. स्टेशनवरची काही दुकानं आणि पेट्रोल पंप रविवारी चालू असतात, बेकऱ्या काही तास उघडतात, औषधांचं एखादं दुकान पाळीने उघडं असतं. हे लक्षात ठेवा. आणि ईद ज्या दोन दिवसांपैकी एका दिवशी येणार, त्यातला एक रविवार किंवा सुट्टी असेल तर दूध आधीच आणून ठेवा.

भाव, पिशवी आणि बाटली

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि त्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा. इथे तसं काही नाही. तोच साबण दोन दुकानांत दोन भावांना मिळतो आणि दोन्ही कायदेशीर. म्हणून फळीवरच्या पट्टीत बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव दिलेला असतो, तो बघायचा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. कर मात्र किमतीत धरलेला असतो, गल्ल्यावर वेगळा लागत नाही.

घासाघीस दुकानात चालत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र खुशाल करावी, तिथे लोक हसून भाव उतरवतात. आठवडी बाजारात आम्ही आपल्या सवयीने टोमॅटो दाबून बघायला गेलो, तर विकणाऱ्या आजी जोरात "नाइन!" म्हणाल्या. तिथे माल विकणाऱ्याने उचलून द्यायचा असतो. आपण फक्त बोट दाखवायचं, कधी खायचंय ते सांगायचं. "परवासाठी हवेत" म्हटलं की आजी बरोबर कच्चे-पक्के निवडून देतात. सुपरमार्केटात मात्र आपणच निवडायचं.

पिशवी घरून न्यायची. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा कापडी पिशवीची सवय लागली होती, ती इथे कामाला आली. ढकलगाडीला एक युरोचं नाणं अडकवावं लागतं, गाडी जागेवर लावली की ते परत मिळतं. गल्ल्यावरची बाई इतक्या झपाट्याने सामान पुढे सरकवते की पहिल्या दिवशी वाटलं आपल्यावर रागावलीय. राग नसतो, कामाची रीत आहे. सामान परत गाडीत टाकायचं, पैसे द्यायचे आणि बाजूला जाऊन शांतपणे पिशव्या भरायच्या. मागचा माणूस थांबत नाही, पण जाताना "शोनेन टाग" म्हणजे दिवस चांगला जावो, हे दोघंही म्हणतात.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. वीस बाटल्यांचे पाच युरो होतात. पुण्यात बाटली चेपून टाकायची सवय होती. इथे चेपलीत आणि यंत्राला चिन्ह वाचता आलं नाही, तर ते घेत नाही. आमच्या घरी बाटल्या परत करणं मुलांचं काम आहे आणि ते पैसे रमजानच्या डब्यात जातात.

पावती आणि आपली नियत

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण बोलायलाच हवा. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू इथे १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. दुकानातून घेतलेली, दोष नसलेली वस्तू परत घ्यायचं कायदेशीर बंधन नाही, पण बरीच दुकानं पावती बघून आपणहून घेतात. वस्तूत मूळचा दोष असेल तर दोन वर्षांपर्यंत विक्रेता जबाबदार असतो. म्हणून पावती सांभाळा. उन्हात तिची शाई उडते, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

या सोयीचा काही जण कसा वापर करतात, तेही आम्ही पाहिलं. ईदला नवा ड्रेस घालायचा, लेबल आत दडवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. "कायद्यात बसतं ना," असं हसत सांगतात. खरं तर वापरून झालेला कपडा न वापरलेला म्हणून परत देणं हे कायद्यातही नीट बसत नाही, आणि आपल्या हिशोबात तर मुळीच नाही. वस्तूतला दोष लपवून विकायचा नाही, हे आपण विकणाऱ्याला सांगतो. मग घेणाऱ्याने वापर लपवून परत करायचं का? स्वतःच बिल करायच्या यंत्रावर महाग सफरचंद स्वस्ताच्या बटणाने तोलणं, हेही तसंच. तिथे कोणी बघत नसतं, आणि मुलं मात्र शेजारी उभी राहून बघत असतात.

कोंढव्यात दुकानदाराची लाज वाटायची म्हणून आपण सरळ वागायचो, असं कधी कधी वाटतं. इथे ओळखीची लाज नाही. उरते ती फक्त नियत.

नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पहिला महिना दुकानात घाई करू नका. प्रत्येक किमतीला रुपयाने गुणत बसू नका, जेवणच जाणार नाही. थोडी रोकड जवळ ठेवा. फोनवरून पटकन पैसे पाठवायची आपली सवय इथल्या प्रत्येक छोट्या दुकानात चालत नाही, काही ठिकाणी कार्डही घेत नाहीत. आणि शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला लाजू नका. आमची वाटी त्या शनिवारी परत आली नसती तर तो खिमा आम्ही खाल्ला असता.

आता दर शनिवारी तुर्की दुकानात गेलं की खाटीक विचारतो, "नेहमीचं?" आम्ही हो म्हणतो. तरी कागद अधूनमधून बघतो आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही.